भिंगरीचा मुक्काम

तिला भिंगरी हे नाव तिच्या नवऱ्याने दिलं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघरातली फळी एका भिंतीवरून उपटून दुसऱ्या भिंतीवर ठोकली आणि चार दिवसांनी परत पहिल्या जागी आणली. नवरा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "ही बाई नाही, भिंगरी आहे." नाव चिकटलं ते चिकटलंच. आता तिचं खरं नाव विचाराल तर आमच्या मालकांनासुद्धा डोकं खाजवावं लागेल.

आमचा कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड. ट्रकवर घालायच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची कापडी छपरं, गाळ्यांचे पडदे असलं सगळं आम्ही शिवतो. मी कापायच्या टेबलावर असते आणि तिचं मशीन बरोबर माझ्या समोर. त्यामुळे तिच्या घरात काय शिजलं आणि काय करपलं हे मला तिच्या तोंडूनच कळत आलंय, तेही मशीनच्या खडखडाटात, मोठ्या आवाजात.

तिचा नवरा बसगाड्या दुरुस्त करायच्या वर्कशॉपात होता. शांत माणूस. ही घरभर नाचायची आणि तो खुर्चीत बसून तिचं नाचणं बघायचा, दोघांचं छान चाललं होतं. एका सुट्टीच्या दुपारी तो त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेला. भिंगरी तेव्हा टेम्पोत ताडपत्र्या घालून बाजारात गेली होती. परत आली तर गल्लीत माणसं उभी. सगळ्यांनी बाजूला सरून तिला वाट दिली, तेव्हाच तिला कळलं.

घरात राहिल्या दोघी. भिंगरी आणि तिची मोठी नणंद. नणंदेने लग्न केलं नव्हतं, आयुष्यभर भावाजवळच राहिली. एका मोठ्या इस्पितळात चादरी, उशा, ब्लँकेटं यांचं सगळं खातं तिच्या हाताखाली होतं, आता निवृत्त झाली होती. भिंगरी तिला वन्सं म्हणते, म्हणून आम्हीही सगळे वन्संच म्हणतो. तर ह्या वन्सं म्हणजे बसल्या जागच्या बाई. त्यांची खुर्ची, त्यांची उशी, त्यांची शाल, सगळं ठरलेलं. भाऊ गेल्यावर त्या आणखीच बसल्या. आणि भिंगरी? ती आणखीच फिरायला लागली. कपाट इकडचं तिकडे, पलंग खिडकीशी, मग दाराशी. खालच्या मजल्यावरचा सायकलवाला एकदा वर येऊन विचारून गेला, "घर सोडताय का हो? नाही, जागा रिकामी होणार असली तर माझ्या मेव्हण्याला हवी होती."

घरात दोन बायका, एक बसेना आणि दुसरी उठेना. भांडण मात्र व्हायचं नाही, कारण भांडायला एकीने तरी दुसरीसमोर थांबावं लागतं.

भिंगरीची मुलगी लग्न होऊन परगावी असते. तिने आईला महिनाभर राहायला म्हणून बोलावून घेतलं. भिंगरी तिसऱ्या दिवशी परत हजर.

"काय गं, पटलं नाही का जावयाशी?" मी विचारलं.

"जावई सोन्यासारखा आहे. पण तिथे लिफ्ट आहे, भांडी घासायला मशीन आहे. हात कुठे ठेवायचे तेच कळेना मला."

ती जेवायचीसुद्धा उभ्याउभ्या. डबा एका हातात, आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत चालत घास. मालक काही म्हणायचे नाहीत. ते मनाने बरे आहेत, फक्त त्यांना तसं दाखवायला आवडत नाही.

आमच्याकडे मागच्या मांडणीवर एक तंबू पडून होता. कोणीतरी दुरुस्तीला टाकला आणि न्यायला आलंच नाही. मालकांनी कितीदा निरोप धाडले, शेवटी वैतागून म्हणाले, "भिंगरी, एक तर फेकून दे नाहीतर घरी घेऊन जा. माझ्या डोळ्यासमोर नको." तिने तो उघडला तेव्हा कोंदट वास सुटला. दाराची चेन तुटलेली, एका बाजूला हातभर फाटलेलं. तिने चेन बदलली, फाटलेल्या जागी आतून-बाहेरून ठिगळ दिलं, शिवणीवर मेण चोळलं आणि जेवणाच्या सुट्टीत शेडमध्येच तो उभा करून आत शिरली. बराच वेळ बाहेर येईना. मी बाहेरून कापडावर टिचकी मारली.

"काय गं, कसं आहे आत?"

आतून आवाज आला, "इथे भिंती हलतात."

मला वाटलं ती हसतेय. बाहेर आली तेव्हा हसत नव्हती. म्हणाली, "शनिवारी मी हा घेऊन कुठेतरी जाणार आणि तिथेच झोपणार. त्या दोन खोल्यांत रात्र काढून काढून वेड लागायची पाळी आलीय."

हॉटेलबिटेल तिच्या डोक्यातही आलं नाही. तिचा पगार आणि वन्संची पेन्शन घराला पुरायची, त्यात कसली चैन. तंबू फुकट, बसचं तिकीट थोडकं, जेवण घरून न्यायचं. एवढाच हिशेब.

रात्री जेवताना तिने वन्संना सांगितलं. तिला वाटलं, त्या म्हणतील, जा बाई, आणि उशीवर डोकं टेकतील. वन्संनी ताट बाजूला सारलं.

"मी पण येणार."

"अहो वन्सं, तंबू आहे तो. जमिनीवर झोपायचं."

"मला कळतं तंबू म्हणजे काय. माझी उशी घेईन मी."

"तुमची पाठ?"

"पाठ माझी आहे ना? मग तू तुझं बघ."

भिंगरीला काही केल्या कळेना की ज्या बाईला दूध आणायला खाली उतरायचं जिवावर येतं, ती तंबूत झोपायला का निघाली. मला म्हणाली, "मी चार घटका पळायला बघतेय, तर घरच माझ्याबरोबर निघालं."

पहिली खेप म्हणजे निव्वळ फजिती. बसच्या टपावर तंबू, गादीची वळकटी, रजया, पातेली, एक स्टोव्ह. कंडक्टर खालून बघत म्हणाला, "काय आजी, बिऱ्हाड हलवलं वाटतं?" वन्सं म्हणाल्या, "बिऱ्हाड तिथेच आहे. झोप हलवतोय फक्त."

शहराबाहेर एक तळं आहे. तळ्याकाठी गवताचं मोठं मैदान, तिथे तंबू ठोकू देतात. एक रखवालदार आणि त्याची बायको तिथेच दोन खोल्यांत राहतात, नळ आणि संडास बघतात. रखवालदार म्हणाला, "ताई, वरच्या अंगाला लावा, झाडांच्या अलीकडे." पण भिंगरीला दम कुठे? तिला पाणी दिसलं आणि तिने पाण्याच्या अगदी काठाशी खुंट्या ठोकल्या. उतार होता, हे अंग टाकल्यावर कळलं. दोघी घसरत घसरत तंबूच्या खालच्या कोपऱ्यात गोळा झाल्या. पाण्यावरून गारठा आला. अंगावर रजयांचा ढीग, आणि तरी खालून हाडं गोठायला लागली. सकाळी वन्सं लाकडासारख्या ताठ झाल्या होत्या, भिंगरीने त्यांना दोन्ही हात धरून उभं केलं. पहिल्या बसने परत. अख्ख्या वाटेत वन्सं एक शब्द बोलल्या नाहीत.

सोमवारी भिंगरी मला म्हणाली, "संपलं. आता मी एकटीच जाईन."

पण त्याच संध्याकाळी वन्संनी विषय काढला.

"थंडी वरून नव्हती गं. खालून होती."

"काय?"

"सगळी पांघरुणं आपण अंगावर घेतली. खाली काय, तर एक दबलेली गादी, आणि तिच्याखाली ओलं गवत. इस्पितळात तपासायच्या खोलीतल्या लोखंडी बाकावर पेशंटला निजवायचे ना, तेव्हा मी आधी खाली ब्लँकेट घालायला लावायची. अंगाखाली जेवढं तेवढंच अंगावर, म्हणजे झोप लागते. आणि रखवालदाराचं ऐकायचं. तो तिथे राहतो, आपण नाही."

भिंगरीला तर कामच हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलाखालचे फोमचं कातरण तिने गोळा करायला सुरुवात केली. रंग फसलेली एक ताडपत्री मालकांनी रागारागाने कोपऱ्यात फेकली होती, ती मागून घेतली. ताडपत्रीला लांब खिसे शिवले, खिशांत फोमच्या पट्ट्या भरल्या, म्हणजे सगळं गुंडाळून काखेत मारता येईल. त्यावर जुनी गोधडी. जुन्या चादरी दुमडून तिन्ही बाजूंनी शिवून पोती केली, आत शिरलं की पांघरूण सरकायचा प्रश्न नाही. मी घरचा एक जाड पडदा दिला, तो तंबूच्या दाराशी पाय पुसायला गेला.

प्रत्येक वस्तूची परीक्षा वन्सं घ्यायच्या. घरातल्या फरशीवर अंथरायचं, त्यावर त्या आडव्या व्हायच्या, डोळे मिटायच्या आणि भिंगरी परीक्षेला बसल्यासारखी शेजारी उभी.

"खांद्याखाली कमी पडतंय."

"अहो, आता खांद्याला वेगळं कुठून आणू?"

"तुझ्या त्या कापणाऱ्या मैत्रिणीला विचार. तिच्याकडे ढीग असेल."

असा माझाही हातभार लागला. सायकलवाल्याने जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दिल्या. त्या दोरीला मधेच बांधल्या की वाऱ्याने तंबू ओढला तरी पट्टी ताणली जाते आणि खुंटी उपटून येत नाही. त्यानेच मोडक्या सायकलीच्या चाकांवर एक हातगाडी करून दिली. घर रिकामं होणार नाही म्हटल्यावरही त्याने मदत केली, हे विशेष. एक लाकडी खोकं नेताना सामानाचं आणि तिथे पोचल्यावर टेबल. घरून निघताना तांदूळ-बटाट्यांचं पातेलं उकळी आणून ब्लँकेटमध्ये गुंडाळायचं आणि त्या खोक्यात घट्ट बसवायचं, तळ्यावर पोचेपर्यंत भात आपोआप शिजलेला. ही युक्ती वन्संची. झोपायचे मोजे वेगळे ठेवायचे आणि दिवसा चुकूनही घालायचे नाहीत, हा कायदाही त्यांचाच. रबरी पिशवीत गरम पाणी भरून पायाशी घ्यायचं, हे भिंगरीने स्वतःचं म्हणून सांगितलं, पण मला शंका आहे.

दुसऱ्या खेपेला वन्सं ऊन तंबूवर येईपर्यंत गाढ झोपल्या. उठून बाहेर आल्या, खोक्याजवळ बसल्या, चहाचा पेला दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आजची रात्रही राहिलो तर?"

पुढे मग दर पंधरा दिवसांनी तळं. वन्संची रखवालदाराच्या बायकोशी गट्टी जमली. त्या दोघी झाडाखाली बसून गप्पा मारायच्या, तुझ्या गुडघ्याला काय लावतेस, माझ्या पाठीला मी काय लावते. वन्सं हसायला लागल्या. भिंगरीने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात आनंद असायला हवा होता. नव्हता.

"तुला काय झालं आता?" मी विचारलं.

"तेच पाणी, तीच झाडं. सगळं जागच्या जागी. दुपार झाली की जीव कासावीस होतो बघ. काय करू तिथे?"

"आराम कर."

"तो कसा करतात?"

ती थट्टा करत नव्हती. तळ्यावर ती काय करायची? दोऱ्या सोडायची, परत बांधायची. घासलेली पातेली घासायची. एकदा तर भर दुपारी तिला वाटलं की पलीकडच्या झाडाची सावली जास्त दाट आहे. वन्सं आत झोपल्यात हे विसरून तिने खुंट्या उपटल्या. तंबू वन्संच्या अंगावर बसला. आतून ओरडा, बाहेर रखवालदार धावत आला. त्याने कापड वर धरलं तेव्हा वन्सं उशी छातीशी धरून बसलेल्या. म्हणाल्या, "भिंगरे, मेल्यावर तरी मला एका जागी राहू देशील ना?"

सगळे हसले. भिंगरीही हसली. पण ते हसू फार टिकलं नाही.

एका ट्रकवाल्याने कारखान्यात येऊन तिला डोंगरावरच्या एका पठाराचं वर्णन केलं. वर सपाट माळ, चारी बाजूंना दऱ्या, माणूस नाही काणूस नाही. झालं, तिच्या डोक्यात पठार घुसलं. शुक्रवारी संध्याकाळी सामान बांधता बांधता तिने वन्संना सांगितलं, "उद्या तळं नाही. डोंगर."

"मला तळं पुरतं," वन्सं म्हणाल्या.

"किती दिवस तेच तेच? पुढे जाऊ या की जरा."

"पुढे म्हणजे कुठे?"

"ते तिथे गेल्यावर कळेल."

"आणि तिथे पोचलीस की मग कुठे?"

भिंगरी वळकटी आवळत राहिली. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "तुला जागा नकोच असते गं. तुला नुसतं निघायचं असतं."

"आणि तुम्हाला उठायचं नसतं! त्या दिवशीसुद्धा तुम्ही..."

वाक्य तिथेच थांबलं. पण दोघींनाही ते पुढे कुठे जाणार होतं हे माहीत होतं. तो गेला त्या दुपारी वन्सं शेजारच्याच खोलीत झोपलेल्या होत्या. मधे फक्त एक पडदा. त्यांना जाग आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

वन्संनी आपली उशी उचलली आणि आतल्या खोलीत गेल्या. भिंगरी मला नंतर म्हणाली, "ते वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं, मला खरंच माहीत नाही. इतक्या दिवसांत मी एकदाही तसा विचार केला नव्हता. निदान मला तरी तसंच वाटत होतं."

सकाळी तिने आतल्या खोलीच्या पडद्याशी जाऊन हाक मारायला हवी होती. मारली नाही. तंबू पाठीला लावला आणि डोंगराची बस पकडली.

पठार ट्रकवाल्याने सांगितलं तसंच होतं. तिने सगळं नीट केलं. उंचवटा पाहिला, वाऱ्याकडे पाठ करून तंबू लावला, अंथरूण घातलं, मोजे कोरडे ठेवले. कशाचीच कमी नव्हती. मग ती दारात बसली आणि लगेच उठली. माळाच्या एका टोकाला जाऊन आली. दुसऱ्या टोकाला जाऊन आली. "तिथे मला कोणी बस म्हणणारं नव्हतं," ती म्हणाली, "आणि तेव्हा कळलं की कोणी बस म्हटल्याशिवाय उठण्यातही मजा नाही."

दुपारी वारा सुटला. नुसता वारा नाही, त्याच्याबरोबर बारीक, बोचरा पाऊस. ट्यूबच्या पट्ट्या ताणल्या, खुंट्या टिकल्या, तिची शिवणही टिकली. फाटलं ते शिवणीच्या शेजारचं जुनं कापड. उन्हाने आतून विरलेलं होतं, ते तिला घरी दिसलं नव्हतं. दरवाज्यापासून टोकापर्यंत टर्रकन. तिने सुई-दोरा काढला आणि वाऱ्यात, भिजत, एका हाताने कापड धरून टाके घालायला लागली. एक टाका घातला की शेजारी नवी चीर. कापड, दोरा, बोटं सगळं ओलं. किती वेळ ती तशी शिवत होती कोण जाणे. मग तिने सुई टाकली आणि अंथरुणाची ताडपत्री डोक्यावरून घेऊन खाली बसली. बसली तशी रडायला लागली. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती. त्या दिवसांतही ती माणसांना पाणी देत, खुर्च्या मांडत, कपबशा गोळा करत फिरली होती.

पाऊस थांबल्यावर ती ओला तंबू गुंडाळून रस्त्यापर्यंत उतरली. एका दूधवाल्याच्या गाडीने तिला शहरात आणलं. दिवेलागणीला घरी पोचली, तर दाराला कुलूप.

सायकलवाला दुकान बंद करत होता. म्हणाला, "मोठ्या बाई सकाळीच गेल्या की. वळकटी घेऊन. मला वाटलं, तुम्ही पुढे गेलात आणि त्या मागून येताहेत."

तिने फोन लावला. फोन घरातच, खिडकीत वाजायला लागला. आत जाऊन बघते तर उशी नाही, शाल नाही, एक गोधडी नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की भाऊ गेल्यापासून वन्सं त्या घरात एक रात्रसुद्धा एकट्या राहिल्या नव्हत्या. आणि ती स्वतः मुलीकडे गेली होती तेव्हा? तेव्हा समोरच्या शेजारणीला झोपायला बोलावलं होतं, असं शेजारणीनेच आता सांगितलं. वन्सं तंबूत झोपायला का निघाल्या होत्या, हे तिला इतक्या उशिरा कळलं.

सकाळच्या पहिल्या बसने ती तळ्यावर गेली. बसमध्ये बसायला जागा होती, तरी उभी राहिली.

लांबूनच दिसलं, मैदानावरच्या झाडांना दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर गोधड्या, ब्लँकेटं, चादरी वाळत होत्या. मधे वन्सं, हातात काठी, एकेक गोधडी धोपटताहेत. रखवालदाराची बायको दुसऱ्या टोकाला धरून उभी, आणि रखवालदार बादल्या वाहतोय. वन्सं त्याला म्हणत होत्या, "हे असं कुबट अंथरूण माणसाला देता? कोणाला झोप लागेल यात?"

भिंगरी जवळ गेली. वन्संनी एकदा तिच्याकडे बघितलं, तिच्या भिजून आक्रसलेल्या चपलांकडे बघितलं.

"फाटला?"

"फाटला."

"तू?"

"मी बरी आहे." मग तिला राहवेना. "सांगून तरी जायचं ना, वन्सं! फोन घरात. मी रात्रभर..."

"तू सांगून गेली होतीस?"

रखवालदाराची बायको शहाणी. चहाचं निमित्त काढून नवऱ्याला घेऊन निघून गेली. वन्सं काठी बाजूला ठेवून गवतावर बसल्या.

"मी इथेच राहायचं म्हणतेय," त्या म्हणाल्या. "ह्यांच्याकडे तंबूवाले येतात, पण अंथरूण-पांघरूण मागतात आणि ह्यांच्याकडे धड नाही. मागची खोली रिकामी आहे. मी ते सगळं बघेन. मला येतं ते."

"आणि मी?" भिंगरी उभीच होती. "मी एकटी काय करू त्या घरात?"

"तू कधी असतेस त्या घरात? मी असते. मी आणि तो पडदा." वन्संचा आवाज बारीक झाला. "रोज दुपारी वाटतं, त्याने हाक मारली असेल. मला ऐकू गेली नसेल. तू परवा बोललीस ते खरंच होतं. मी झोपले होते."

भिंगरी खाली बसली. दोन्ही पाय पोटाशी घेऊन, वन्संच्या अगदी समोर.

"हाक मारली नाही त्याने. मारायला वेळच नव्हता. डॉक्टर म्हणाले, एका क्षणात झालं. शेजारी बसलेल्या माणसालाही कळलं नसतं."

"कधी म्हणाले?"

"त्याच संध्याकाळी. मी विचारलं होतं. मी घरी नव्हते ना, मला जाणून घ्यायचं होतं की असते तर..."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"मला कोण सांगणार होतं गं? आपण दोघीच तर होतो."

वन्संनी शाल डोळ्यांना लावली. वाऱ्याने एक ब्लँकेट दोरीवरून खाली पडलं आणि सवयीप्रमाणे भिंगरी उठायला गेली. वन्संनी तिचं मनगट धरलं. "पडू दे." ब्लँकेट पडून राहिलं.

वन्सं तळ्यावरच राहिल्या. मुलीने फोनवर आकांडतांडव केलं, आत्याला म्हातारपणी असं कुठे टाकता म्हणून. एकदा बघायला आली आणि दोन रात्री झोपून गेली. भिंगरीने रंग फसलेल्या कापडाचे आणखी तंबू शिवले. मालक म्हणाले, "हल्ली रंग फारच फसायला लागलेत, नाही?" पण कापड देत राहिले. आता रखवालदाराकडे उभे तंबू आणि उन्हात तापवलेली अंथरुणं मिळतात. ज्यांना हॉटेल परवडत नाही अशी पोराबाळांची माणसं तिथे येतात. वन्सं प्रत्येकाला कोरड्या मोज्यांचा कायदा ऐकवतात.

भिंगरी थांबलीय असं कोणी समजू नये. ती एकटीच घरात असते आणि घरात नसतेच. पठारावर ती नवा तंबू घेऊन परत गेली, आणि पुढेही कुठे कुठे जात राहिली. मधूनमधून तळ्यावर येते, एक रात्र राहते, दुसऱ्या दिवशी निघते. मी मागच्या महिन्यात तिच्याबरोबर गेले होते. जेवण झालं, अंथरुणावर जरा पाठ टेकली, म्हटलं, आता ही शेजारी पडेल. तर ही पिशवी खांद्याला लावून उभी.

"तू राहा गं निवांत. मी निघते, समुद्राकडची गाडी आत्ताच आहे."

"चहा तरी घे," वन्सं म्हणाल्या.

"तिकडे घेईन."

आणि गेलीसुद्धा. मैदान ओलांडून, धुळीच्या रस्त्याने, मागे न बघता, जवळजवळ पळतच. वन्सं ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "समुद्र म्हणजे वाळू आली. वाळूत खुंट्या धरत नाहीत. तिला सांग, रिकाम्या पिशव्या शिवून ने. तिथे त्यांत वाळू भरायची, दोरी बांधायची आणि पुरायच्या."

मी सोमवारी सांगितलं. तंबू दोनदा उडाला होता म्हणे. रात्र तिने एका होडीत काढली, आणि तरी तोंडभर हसत होती. "पिशव्या होय," म्हणाली, आणि माझ्या टेबलावर कापड टाकलं. "काप लवकर. शनिवारी परत जायचंय."